सुलट-उलट : दोन सुयांवरील विणकामाचे पहिले धडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेखाची मागणी केली होती. जो विषय आयुष्यभर वर्गात शिकविला त्यावर चार पाने लिहिणे आम्हांस जड गेले नसते. तथापि गेल्या तीन हिवाळ्यांत आम्ही या शाळेत जे नव्याने शिकलो ते पुस्तकातले नसून लोकरीच्या दोन सुयांवरचे आहे, आणि त्याची कोठेतरी नोंद राहावी असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत. हस्तकला-शिक्षकांची जागा रिकामी झाली, आठवीचा कार्यानुभवाचा तास आमच्या वाट्यास आला आणि आमच्या हाताला तर खडूवाचून दुसऱ्या कशाची सवय नव्हती. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशी दुपारची भांडी उरकली की पायरीवर बसून नातवाचे स्वेटर विणीत असत. वयाच्या बावन्नाव्या वर्षी आम्ही त्यांचे शिष्यत्व पत्करले. त्यामुळे पुढील मजकूर तज्ज्ञाचा नव्हे. ज्याला अजून आपल्या चुका आठवतात अशा नवशिक्याने दुसऱ्या नवशिक्यास सांगितलेल्या या गोष्टी आहेत.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद फार उदार आहे. कापड विणतात, बाज विणतात, टोपली विणतात, कोळी जाळे विणतो आणि स्वेटरही विणतात. क्रिया मात्र निरनिराळ्या आहेत. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे धाग्यांचे दोन संच असतात. ते एकमेकांस काटकोनात ओलांडतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. तो स्वतःच्याच फाशातून दुसरा फास ओढून काढतो, त्यातून तिसरा, आणि अशा रीतीने शेकडो फास एकमेकांच्या आधाराने उभे राहतात. फास वाकडा असल्यामुळे त्यास ताणले तर तो लांबतो, सोडले तर पूर्ववत होतो. सदरा कोपरात अडतो आणि स्वेटर अडत नाही याचे कारण एवढेच. दुसरे असे की माग जागा अडवितो, तो घरातच राहतो. दोन सुया व लोकरीचा गुंडा मात्र पिशवीत घालून शेतावर, एस.टी.च्या थांब्यावर, कोठेही नेता येतात.

ही कला फार प्राचीन असावी असा आमचा समज होता. तो खरा ठरला नाही. इजिप्तमधील ऑक्सिरिंखस येथे सापडलेले, इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानचे लोकरी मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्यांचा अंगठा वेगळा केलेला आहे. ते पाहणारास सुयांवर विणलेलेच वाटतात. प्रत्यक्षात ते धाग्याचे लहान लहान तुकडे एका नेढ्याच्या सुईत ओवून, गाठीसारखे गुंफून केलेले आहेत. दोन किंवा अधिक सुयांवरचे खरे विणकाम इजिप्तमध्येच, परंतु त्यानंतर कित्येक शतकांनी दिसू लागते. त्यात निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत. म्हणजे आरंभ थंड प्रदेशातल्या लोकरीपासून झाला असेल हीही आमची कल्पना चुकलीच. आपल्याकडे हे विणकाम पसरले ते युरोपीय लोकांबरोबर, आणि विशेषतः मिशनऱ्यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळांतून.

आता साहित्य. सुयांचा क्रमांक दुकानदार जुन्या इंग्रजी मापाने सांगतात. त्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होते, हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही पहिल्या खेपेस बारा क्रमांकाच्या सुया आणल्या आणि मावशींना हसू आवरेना. नवशिक्याने आठ क्रमांकाची, म्हणजे चार मिलिमीटर जाडीची जोडी घ्यावी. लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत आणि फिक्या रंगाची असावी. बाजारातली स्वस्त ‘लोकर’ बहुधा मेंढीची नसून ॲक्रिलिकची असते. शिकण्यास ती उत्तम. काळी अथवा गडद निळी लोकर आरंभी घेऊ नये, कारण तिच्यातला टाका दिसत नाही, आणि न दिसणारा टाका वाचता येत नाही. वाचणे हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे; त्याकडे पुढे येऊ.

सुईवर पहिली ओळ चढविण्यास ‘टाके घालणे’ म्हणतात. लोकरीच्या टोकापासून वीतभर अंतर सोडून एक सरकगाठ मारावी व ती डाव्या सुईवर चढवून अलगद आवळावी. उजव्या सुईचे टोक त्या फाशात समोरून मागे घालावे, टोकाभोवती लोकरीचा एक वळसा द्यावा, तो वळसा फाशातून पुढे ओढून काढावा आणि मिळालेला नवा फास डाव्या सुईवर ठेवावा. एकाचे दोन झाले. असे वीस होईपर्यंत करावे. अंगठ्यावर फास घेऊन टाके घालण्याची रीत अधिक जलद आहे, पण आम्ही मुलांना हीच शिकवितो. कारण वीस टाके घालता घालता पोरे सुलट टाकाही न कळत शिकून बसतात.

सुलट टाका असा. टाक्यांची सुई डाव्या हातात, रिकामी सुई उजव्या हातात, लोकर मागच्या बाजूस. उजव्या सुईचे टोक पहिल्या टाक्यात डावीकडून उजवीकडे, समोरून मागे घालावे. ते डाव्या सुईच्या मागे येते. लोकर त्या टोकाखालून डावीकडे नेऊन, वरून, दोन सुयांच्या मधून खाली आणावी. मग ते टोक लोकरीसह टाक्यातून पुढे काढावे आणि जुना टाका डाव्या सुईवरून उतरू द्यावा. लिहिताना ही चार वाक्ये झाली. मावशींनी ते चार शब्दांत सांगितले होते : घुसव, गुंडाळ, काढ, सोड. पहिले दोन दिवस आमचा वर्ग हे चार शब्द बाराखडीसारखे मोठ्याने म्हणत विणीत होता. शेजारच्या वर्गावरील गणिताच्या शिक्षकांनी तक्रार केली, ती रास्तच होती.

येथे नवशिक्याची पहिली चूक होते. तो लोकर आवळतो. टाका निसटेल या भीतीने प्रत्येक फास सुईला करकचून बसवितो, मग पुढच्या ओळीत त्यात सुई शिरत नाही. आमचीही बोटे दुखू लागली, तेव्हा मावशी म्हणाल्या, “कायले एवढं ओढता सर? लोकर काई पळून नाही जात.” टाका सुईच्या जाडीवर बसतो, हाताच्या जोरावर नव्हे. सुई सहज पुढे-मागे सरकेल एवढा सैलपणा राहिला की पुरे.

वीस टाके विणून झाले की सर्व टाके उजव्या सुईवर येतात. तेव्हा सुयांची अदलाबदल करावी व पुन्हा सुलट विणू लागावे. विणकामाच्या बोलीत एका ओळीला ‘एक सुई’ म्हणतात. सर्व सुया सुलट विणल्या तर दोन्ही बाजूंस सारखेच आडवे वरंबे असलेले कापड तयार होते. ते कडेने वळत नाही, सपाट राहते. आमच्या कित्येक मुलांचे पहिले मफलर याच विणीचे आहेत व त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण सर्व टाके सुलट घातले असता वरंबे आले कोठून? आठवीतील एका मुलीने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्हांस उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी विणलेली पट्टी खिडकीशी धरून पाहिली, आणि तेव्हा कोठे समजले. टाका एकच आहे. फास ज्या बाजूला ओढून काढला त्या बाजूने तो गव्हाच्या ओंबीतल्या दोन दाण्यांसारखा, खाली निमुळता दिसतो. पलीकडून पाहिले तर त्याचा माथा आडव्या भुवईसारखा दिसतो. पहिल्यास सुलट म्हणतात, दुसऱ्यास उलट. आपण पट्टी फिरवून परत सुलटच विणतो, म्हणून पहिल्या बाजूस एक ओळ ओंब्यांची आणि एक भुवयांची अशी आळीपाळीने बसत जाते. भुवयांची ओळ उठून दिसते, तोच वरंबा.

हे उमगले की उलट टाक्याची भीती जाते. जो फास आपण मागून पुढे ओढत होतो तोच आता पुढून मागे लोटावयाचा आहे. लोकर प्रथम सुयांच्या मधून पुढच्या बाजूस घ्यावी. उजवी सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे घालावी. तिचे टोक डाव्या सुईच्या समोर राहिले पाहिजे. लोकर टोकावरून, दोन सुयांच्या मधून डावीकडे नेऊन खालून पुन्हा उजवीकडे आणावी. टोक लोकरीसह टाक्यातून मागे ढकलावे, जुना टाका सोडून द्यावा. हाताला हे प्रारंभी अवघड जाते. ज्यांना जाईल त्यांनी खिन्न होऊ नये. मानवजातीलाही उलट टाका उशिरा सापडलेला दिसतो. जुने विणकर चार-पाच सुयांवर गोल गोल विणीत. गोल विणताना कापड फिरवावे लागत नाही, समोर नेहमी सुलट बाजूच राहते, आणि मोजे किंवा टोपी करावयास उलट टाक्याची गरज पडत नाही. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा हिला १५६२ साली जे रेशमी मोजे घालून पुरले, त्यांतील उलट टाके हे आजवर ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्यांपैकी मानले जातात. मोजे विणण्याची कला त्यापूर्वी कित्येक शतके चालू होती.

एक सुई सुलट, एक सुई उलट असे विणीत गेले की पुढील बाजू सगळी ओंब्यांची आणि मागील सगळी भुवयांची होते. स्वेटरचे अंग याच विणीचे असते. तिचा एक दोष असा की दोन्ही कडा मागे वळतात आणि वरखालची टोके पुढे वळतात. मुलांना वाटते आपले काही चुकले. चुकलेले काही नसते; प्रत्येक फास जबरीने वाकविलेला असतो व तो सरळ होऊ पाहतो, दोन्ही बाजूंस त्याचा जोर सारखा नसल्यामुळे कापड गुंडाळले जाते. उपाय हाच की कडेला निराळी वीण घ्यावी.

ती वीण म्हणजे दोन सुलट, दोन उलट. कोणत्याही स्वेटरच्या मनगटाला, कमरेला, गळ्याला जी उभ्या पन्हाळ्यांची लवचीक पट्टी असते ती हीच. उलट-सुलट टाके एकावर एक उभे येतात. सुलटांचे उभे पट्टे पुढे येतात, उलटांचे मागे जातात, कापड रुंदीत आक्रसते आणि ताणले की उलगडते. येथे लोकर दर दोन टाक्यांनी मागेपुढे करावी लागते, आणि ती सुयांच्या मधूनच न्यावयाची, सुईवरून नव्हे. सुईवरून नेली की तिचा एक फुकटचा फास बसतो. आमच्या वर्गात वीस टाक्यांचे सत्तावीस झालेले आम्ही पाहिले आहेत. पट्टी वर जाता जाता परातीसारखी रुंदावते आणि विणणारा म्हणतो, “सर, माझी लोकरच वाढली.”

या विणीत पाठांतराचा पराभव होतो. मूल ‘दोन सुलट, दोन उलट’ असे घोकत असते. मध्येच जेवणाची घंटा वाजते किंवा मित्र हाक मारतो आणि परत आल्यावर कोठे होतो ते आठवत नाही. मावशींना आम्ही एकदाही मोजताना ऐकले नाही. विचारले तर म्हणाल्या, “मोजाले कायले लागते? दिसते ना.” सुईवरच्या टाक्याच्या अगदी खाली पाहावे. तेथे ओंबी दिसली तर सुलट, भुवई दिसली तर उलट. या विणीत दिसेल तसे विणावे. याउलट वागले, म्हणजे सुलटावर उलट व उलटावर सुलट घातले, की दाणेदार वीण उमटते. मावशी तिला साबुदाण्याची वीण म्हणतात. तिला टाके विषम संख्येत, समजा एकवीस, घ्यावेत आणि प्रत्येक सुई एक सुलट, एक उलट अशी सुलटानेच सुरू करावी. पण तेथेही खरा आधार डोळ्यांचाच. इतिहासाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगत आलो की सनावळी पाठ करू नका, साधन पुढ्यात घ्या आणि ते काय म्हणते ते वाचा. ही गोष्ट किती मुलांना पटली कोण जाणे; विणकामाच्या तासाला मात्र ती पंधरा दिवसांत पटली, कारण न वाचणाऱ्याची पट्टी लगेच सांगून टाकते.

वाचता आले की दुरुस्ती येते. सुई मध्येच ठेवून उठलात तर परत येताना ध्यानात धरावे : गुंड्याकडून येणारी लोकर ज्या सुईच्या टोकाच्या टाक्यातून निघाली आहे ती सुई उजव्या हातात. उलटी धरली तर मध्येच भोक पडते. टाका सुटला तर घाबरून ओढू नये. तो खाली खाली घसरत जातो व मागे धाग्यांची शिडी सोडतो. क्रोशाची आकडी त्या सुटलेल्या फाशात सुलट बाजूने घालून शिडीची एकेक पायरी त्यातून ओढून वर आणावी, अखेरचा फास सुईवर ठेवावा. चूक चार ओळी खाली असेल तर उसवावे. उसवण्याचा मुलांना फार राग. आमच्या लहानपणी शाळेत पाटीवरचे पुसणे हा अपमान होता, आणि डावखुऱ्याच्या बोटांवर पट्टी बसे. लोकर उसवली तरी वाया जात नाही, तीच पुन्हा विणता येते. डावखुऱ्या मुलाला आम्ही शेजारी न बसविता समोर बसवितो. त्याने आरशात पाहावे तसे आमचे पाहून विणावे.

हे सर्व सुरळीत पार पडले असे मात्र नाही. पहिल्याच आठवड्यात मुलगे सुया हातात घेईनात. हे बायकांचे काम असे त्यांचे म्हणणे. त्यांना आम्ही युरोपातल्या विणकरांच्या संघांची हकीकत सांगितली. ते संघ पुरुषांचे असत, वर्षानुवर्षे उमेदवारी करावी लागे, आणि काही ठिकाणी कारागीर म्हणून मान्यता मिळण्यापूर्वी गालिच्यासारखे भले मोठे काम विणून दाखवावे लागे. अठराव्या शतकातले तसे गालिचे आजही संग्रहालयांत आहेत. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र केले, आणि त्याच भागात १८११ पासून मोज्यांची यंत्रे फोडणारे लुडाइट निघाले, तेही पुरुषच. मुलगे विणू लागले. त्यात इतिहासाचा वाटा किती आणि त्या पहाटेच्या थंडीचा किती, हे आम्ही सांगू शकत नाही.

पालकांची हरकत अधिक खोल होती. एका मुलाचे वडील भेटीच्या रविवारी आमच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “सर, आमच्या आज्यानं जिंदगीभर मागावर जाडंभरडं विनलं. पोराले शिकाले पाठवलं, अन् तुमी त्याच्या हाती पुन्हा सूतच देल्लं?” विदर्भातल्या महार समाजाची कित्येक घरे मागावर जाडे कापड विणीत, हे आम्ही वर्गात शिकविले आहे. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते, हेही शिकविले आहे : धोट्यात दोरा भरताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा इतर कामगारांस चालत नसे. विणाई खात्यात मजुरी चांगली होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. जाडेभरडे विणणे आमच्या वाट्यास जन्माने आले आणि चांगल्या मजुरीचे विणणे जन्मानेच नाकारले गेले. त्या गृहस्थांचा राग या दोन्हींतून आलेला होता, आणि तो आम्हांस समजत होता.

आम्ही त्यांना उत्तर म्हणून व्याख्यान दिले नाही. एवढेच सांगितले की हा तास आठवड्यातून दोनदा आहे, त्यासाठी गणिताचा किंवा इंग्रजीचा एकही तास कापलेला नाही, आणि विणलेली वस्तू शाळा विकत नाही. ती ज्याची त्याची. मुलाला नको असेल तर त्याने त्या वेळी ग्रंथालयात बसावे. मुलास विचारले. तो म्हणाला, टोपी होईपर्यंत बसतो. वडिलांचे समाधान झाले असे आम्हांस वाटत नाही. हा नियम मात्र तेव्हापासून लेखी केला आहे, आणि कार्यानुभवाचा तास पुढे ज्यांच्याकडे जाईल त्यांनी तो मोडू नये अशी विनंती आहे.

आता राहिले टाके बंद करणे. दोन टाके सुलट विणावेत. डाव्या सुईच्या टोकाने उजवीकडील पहिला टाका उचलून दुसऱ्यावरून पलीकडे टाकावा. उजव्या सुईवर एक उरतो. आणखी एक विणावा, पुन्हा तसेच. हे काम सैल हाताने करावे, नाहीतर मफलरचे एक टोक आवळलेले राहते आणि टोपी डोक्यात शिरत नाही. शेवटी एक टाका उरला की लोकर वीतभर सोडून कापावी व त्या फाशातून ओढून घ्यावी.

मफलर करावयाचा असेल तर अडतीस टाके घालावेत. दोन सुलट, दोन उलट असे विणीत जाऊन अखेर दोन सुलटांवर यावे, म्हणजे दोन्ही कडा सारख्या दिसतात; परतीची सुई दोन उलटांनी सुरू होईल, बाकी दिसेल तसे. विणणाराच्या उंचीइतकी लांबी झाली की बंद करावे. सुटी टोके बोथट, मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून मागील बाजूच्या भुवयांतून पाचसहा टाके नेऊन मुरवावीत, गाठ मारू नये. आमच्या वर्गात अशी सुई एकच आहे. दोऱ्याचे टोक तोंडात ओले करून मूल ती ओवते, आपले टोक मुरविते आणि शेजारच्याकडे देते. आठ क्रमांकाच्या सुयांच्या अठरा जोड्या भांडारखोलीतल्या पत्र्याच्या पेटीत आहेत, त्यांतल्या दोन वाकलेल्या आहेत. किल्ली मावशींकडे असते.